गाली आणि गाळी

अप्पा,

तुमचं हवेचं गेज अजून माझ्याकडे आहे. त्याच्या पितळी दांडीवर तुम्ही कानशीने केलेली खूण आता डोळ्यांना दिसत नाही, पण बोटाला लागते. तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी मोठा झालो, तरी ते हातात घेतलं की तुमच्यापुढे बोलणी खायला उभा आहे असं वाटतं. ती बोलणी मिळाली असती तर बरं झालं असतं. लॉरीवाले चाचा आपण स्वतः ट्यूबला लावलेल्या ठिगळामुळे गेले, असं मानूनच तुम्ही डोळे मिटलेत. ते खरं नव्हतं. एवढंच सांगायला हे पत्र घेऊन बसलो आहे, आणि गेली कितीतरी वर्षं असाच बसतो आहे.

ते युद्धाचे दिवस. हुबळीत परमिटाशिवाय नवा टायर मिळत नव्हता आणि परमिट आपल्यासारख्यांच्या वाट्याला येत नव्हतं. पेट्रोलची ओढाताण म्हणून कापसाच्या जीनवाल्याने लॉरीमागे जोडायला ट्रेलर बांधून घेतला आणि चाकांसाठी तो आपल्या दुकानाच्या अंगणात आणून उभा केला. बाकीचे लोक लॉरीने टाकून दिलेले टायर ट्रेलरला चढवत, आणि तुमचा त्यावर भारी राग. "लॉरीचं पुढचं चाक बसलं तर स्टेअरिंग ड्रायव्हरच्या हाताला सांगतं की रे. ट्रेलर कुणाला सांगणार? मुका आहे तो. त्याला लॉरीपेक्षा चांगला टायर पाहिजे." सात जुन्या टायरांतून दोन निवडायला तुम्ही अख्खा दिवस घातलात. मला ते आजही दिसतं: तुम्ही उकिडवे बसला आहात, टायरची कड वाकवून चिरेत नख घालून बघता आहात, मग आत हात घालून डोळे मिटून फुगवटा चाचपता आहात. दोन्ही एका मापाचे पाहिजेत, ट्रेलर उभा राहणार असेल तर चाकं लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवायची, उन्हापासून वर गोणपाट टाकायचं, हवा सकाळी चाक गार असताना भरायची. आणि सगळ्यात शेवटी, दर वेळी, "टायर डोळ्यांना गोल दिसतो त्यावर जाऊ नको. गेज लाव."

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा, लग्न झालेला, आणि सगळं येतं असं समजणारा. निवडलेले दोन्ही टायर मी संध्याकाळी आत घेतले नाहीत, आणि सकाळचं ऊन त्यांच्यावर आलं. तुम्ही जीनच्या कारकुनासमोर मला धरलंत. "पापड वाळत घातलायस काय रे हे? घोडा झालास, टायर कुठं ठेवायचा तेही मीच सांगू?" कारकून हसला. डाव्या चाकाच्या ट्यूबला तुम्ही स्वतः ठिगळ लावलंत, अंगठ्याने किती वेळ दाबून धरलंत, मग मला "चाक बसव, खुणेपर्यंत हवा भर" म्हणून सांगून अंघोळीला गेलात. मी चाक बसवलं, नट आवळले, आणि पंप मारायला लागलो. प्रत्येक दट्ट्याला त्या कारकुनाचं हसू आठवत होतं. दंड भरून आले आणि राग जास्तच भरला. खूण बरीच दूर असताना मी पंप भिंतीला टेकवून ठेवला. टायर गोल दिसत होता.

चाचांची तुम्ही आयुष्यभर थट्टा केलीत. जुन्या हुबळीतला माणूस, पण ळ काही त्यांच्या जिभेवर बसला नाही. "जन्मलास त्या गावाचं नाव तरी नीट घे," तुम्ही म्हणायचात, आणि ते, "हुबलीच म्हणतो की मी!" कानडीत चाकाला गाली म्हणतात आणि हवेला गाळी, त्यांच्या तोंडी दोन्ही गालीच. "हा चाकाची हवा आवळतो आणि हवेचे नट भरतो," असं तुम्ही म्हटलंत की सगळ्यात आधी चाचाच हसायचे. त्या सकाळी लॉरीत चढता चढता ते थांबले, ट्रेलरकडे बघून मला म्हणाले, "गाली हाकीदी?" हाकीदी म्हणजे घातलीस का, चाक घातलं तरी हाच शब्द, हवा घातली तरी हाच. मी म्हणालो, "हाकीनी." घातली. चाक मी बसवलं होतंच, म्हणजे शब्द काही खोटा नव्हता.

रायापूरच्या उतारावर डावा टायर फुटला. कापसाच्या गाठींनी लादलेला ट्रेलर आडवा फिरला आणि लॉरीला ओढत चरात घेऊन गेला. तुम्ही टायरचे तुकडे पोत्यात भरून आणलेत आणि अंगणात मांडलेत. कडेच्या आतल्या बाजूला काळा पट्टा घासून रबराचा भुगा झाला होता. हवा कमी असताना ओझं घेऊन पळालेला टायर असा होतो, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. मी मान वर केली नाही. तुम्ही एकदाच विचारलंत, "चाचाला काय सांगितलंस?" मी म्हणालो, "ते गाली हाकीदी म्हणाले, मी हाकीनी म्हणालो." तुम्ही बराच वेळ त्या पट्ट्यावरून बोट फिरवत राहिलात. मग म्हणालात, "म्हणजे हवा वाटेत गेली. माझं ठिगळ सुटलं." ट्यूबच्या चिंध्या झाल्या होत्या, तुम्हाला खोटं पाडायला काहीच उरलं नव्हतं, माझ्याशिवाय.

चाचांच्या घरी तुम्ही स्वतः गेलात. दारातच त्यांच्या बायकोला म्हणालात, "माझ्या हाताने झालं." ती म्हणाली, "तुम क्या करते अप्पा, लिख्या सो हुआ." मी तुमच्यामागे चप्पल हातात धरून उभा होतो. तिथे बोलायला हवं होतं. त्यानंतर तुम्ही ठिगळाच्या कामाला हात लावला नाहीत, गिऱ्हाइकांना माझ्याकडे पाठवू लागलात, आणि एक दिवस हे गेज माझ्या खिशात घातलंत. "तुझ्याकडे असू दे. तुझं काम चोख असतं." चार वर्षांनी अंथरुणाला खिळलात, तेव्हा तुमचा अंगठा चादरीवर एकाच जागी दाबलेला असायचा. माझी बायको विचारायची, अप्पा काय करतात? मी म्हणायचो, काही नाही.

पुढे हजारो चाकांत मी हवा भरली आणि प्रत्येक वेळी गेज लावलं. ट्रेलरवाले मला किरकिऱ्या म्हणायचे. त्याने चाचा परत येत नाहीत, आणि तुमचा अंगठाही त्या ठिगळावरून उठत नाही. मला यातून सुटका नको आहे. फक्त तुम्हाला हवी होती, आणि ती द्यायला माझ्याकडे चार वर्षं होती. चाचांचं घर आता दुसऱ्याचं आहे, तुमच्या नावाने पत्र टाकायला जागा नाही, तेव्हा हेही गेजच्या खणात जाईल.

इतकी वर्षं मी एकाच गोष्टीवर तग धरला होता, की त्यांनी गाली म्हटलं आणि मी चाक समजलो. बायकोला तेच सांगितलं, तिनेही मानलं. पण अप्पा, मला कळलं होतं. "गाली हाकीदी?" विचारताना त्यांनी दोन्ही हातांनी पंप मारून दाखवला होता.