आईच्या केळीतला म्हातारा

ब्विंडीच्या रानाकाठी,
१४ जून

प्रिय केबिरुंगीताई,

उशीर झाला, रागावू नकोस. ज्वारी पेरली तेव्हा लिहायला घेतलं होतं, आता कणसं भरली. रोज बसायचो नि रोज भटकायला उठायचो. पोरं बरी? शिलाईयंत्र अजून कुरकुरतं?

इकडे धुकं दुपारपर्यंत हलत नाही. आपला म्हातारा गोरिला आठवतो? पाठ पार रुपेरी झालीय. डोकं पालथ्या टोपलीसारखं, अंगावर थंडीला पुरेल असे दाट केस, आणि पोट एवढं की बसला की मांडीवर गाठोडं घेतल्यासारखा दिसतो. नाकावरच्या सुरकुत्यांवरून मी त्याला शंभरात ओळखेन. प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, ठाऊक आहे? हां, मुद्दा राहिलाच.

तो हल्ली रोज आपल्या केळीत असतो. केळ्यांना हात लावत नाही, खोड फाडून गाभा खातो. पूर्वी आम्ही गावातली पोरं ओळीनं घंटा वाजवत त्याला हळूहळू रानात परतवायचो. तिथं बांबू आहे, खाजरी पानं आहेत, त्याचं सगळं तिथंच. परवा बाबांनी माझ्या हातातली घंटाच हिसकावली.

"पळवतोस कशाला? बांधापलीकडच्या हॉटेलातले पाहुणे चहा पिता पिता बघतात त्याला. हॉटेलवाले पैसे देतात त्याचे."

"बाबा, तिथला आचारी शिंकतोय! माणसाची सर्दी गोरिलांना मारते."

"तू कुठला रे डॉक्टर? शाळेत तरी टिकलास का?"

म्हणजे आईनं लावलेली बाग बाबांनी आमिष म्हणून ठेवलीय! संताप होतो नुसता. पण एवढंच असतं तर पत्र अजूनही लांबलंच असतं.

केळीतली मातीची रास हॉटेलवाल्यांना खुपते. फोटोत येते म्हणे. ताई, ती रास म्हणजे आपली आई. तिला उकरून ओढ्याकाठी न्यायचं ठरलंय, या सोमवारी. बाबा हो म्हणाले! तो म्हातारा रोज संध्याकाळी पानं मोडून नवं अंथरूण करतो नि सकाळी सोडून जातो, पण आईला त्यानं कधी हलवलं नाही. आणि तिचा नवरा...

थांब, कुत्री भुंकतायत.

ताई, रुबाराझामामा आलाय! आईला पुरल्यापासून या घरचं पाणीसुद्धा न घेतलेला मामा. कुणी निरोप दिला कोण जाणे. अंगणात थांबला नाही, सरळ केळीत गेला आणि आईशेजारी घोंगडी अंथरून बसलाय. "माझ्या बहिणीला ज्याला हलवायचंय त्यानं आधी मला उचलावं," म्हणतो. बाबा दाराआडून बघतायत.

मी चाललो त्याच्याशेजारी बसायला. पत्र बसवाल्याच्या हाती देतोय. मिळेल त्या गाडीनं ये.

आईचा, म्हणून तुझा,
ब्यामुकामा