ओठांवर न दिसणारा शब्द

आई, तुला वाचता येत नव्हतं, आणि मला मराठी लिहिता यायला लागलं ते तू गेल्यावर. तुझ्या थोरल्याच्या, अण्णाच्या लेकीनं पेपरातल्या शब्दांवर बोट ठेवून शिकवलं. मी एकेक शब्द शाळेतल्या कन्नड शब्दाशेजारी बसवत गेले. तू होतीस तेव्हा आपल्या दोघींना येईल अशी एकही भाषा उरली नव्हती. आधी एक होती.

निपाणीच्या त्या खोलीत तू भिंतीला टेकून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायचीस. मला ऐकू येत नाही हे कळल्यावर तू लई रडलीस, असं अण्णा सांगतो. मला ते आठवत नाही. मला आठवतं, सूप बाजूला सरकलं की तू आता हातानं बोलणार. मिशीला पीळ दिलास की आप्पा आले. नाक दाबलंस की समोरच्या वखारीत तंबाखू कुटायला घेतली, पळ, दार लाव. आप्पांची नक्कल करून तू मला हसवायचीस, आणि मी हातानंच तुला उलट उत्तरं द्यायची.

मग मला बेळगावच्या मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत ठेवलंत. तिथं काय बोलणं झालं ते अण्णानं पुढं लिहून सांगितलं. मोठे सर म्हणाले, "घरात हात करायचे न्हाईत, बाई. हातानं भागलं तर पोर तोंड उघडणार न्हाय. बोलायला पाहिजे का नको?" तू पदर सावरत म्हणालीस, "पाहिजे की, सर. न्हाय करणार." सर काही दुष्ट नव्हते. तेव्हा शिकलेली माणसं तसंच मानायची. शाळेत बाई माझा हात आपल्या गळ्यावर धरायच्या, ओठांपुढं कागदाची पट्टी धरून ती हलेपर्यंत 'प' म्हणायला लावायच्या. कुणी हात केले की बोटांवर लाकडी पट्टी बसायची. आणि हे सगळं कन्नडमधून. पोरीच्या घरात काय बोलतात, हे कुणी विचारलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले आणि तुझ्यासमोर उभी राहून म्हणाले, "अम्मा." अण्णा म्हणतो, शब्द अगदी स्वच्छ आला होता. तू मला उराशी धरलंस, आणि मग आपल्या छातीवर हात ठेवून पुन्हा पुन्हा काहीतरी म्हणत राहिलीस. 'आई' म्हणत होतीस. पण आई हा शब्द ओठांवर दिसत नाही गं. ओठ मिटत नाहीत, गोल होत नाहीत, नुसतं तोंड उघडं दिसतं. मी तुझ्याकडं बघत राहिले आणि पुन्हा म्हणाले, "अम्मा."

त्यानंतर तू सरांना दिलेला शब्द पाळलास. सूप मांडीवरून हललं नाही. हात विड्या वळतायत, तोंड बोलतंय, आणि मी समोर बसून त्या तोंडात कन्नड शोधतेय. प्रत्येक सुट्टीत असंच. अण्णा सांगतो, शेजारणी म्हणायच्या, "लई शिकली पोर." तू मान डोलवायचीस. माझ्याकडं मात्र बघायचीस पाहुणी बघावी तशी.

आता कायदा आहे, पेपरात वाचते. बहिऱ्या मुलाला साध्या शाळेत नाकारता येत नाही, त्याला खुणांची भाषा मिळाली पाहिजे. आपल्या गल्लीतली एक बहिरी मुलगी तशाच साध्या शाळेत जाते. परवा तिच्या आईनं मला सोबत नेलं. तिथल्या मोठ्या बाईंनी कागदावर लिहून दिलं, 'प्रवेश दिला आहे. खास शिक्षक अख्ख्या तालुक्याला एकच. येतात कधीतरी.' मुलगी मागच्या बाकावर फळ्यावरचं उतरवत होती. अक्षर मोत्यासारखं. मी वहीतल्या 'गाय' या शब्दावर बोट ठेवलं, भुवया उंचावून विचारलं, म्हणजे काय? ती हसली आणि त्याखाली तोच शब्द पुन्हा सुबक लिहून दाखवला.

परतताना तिच्या आईनं मोबाईलवर लिहिलं, 'आक्का, कानाचं मशीन बसवणारे सर म्हणाले, हात केले तर ही बोलणार न्हाय. मी बंद केलंय.' मी लिहिलं, 'करत राहा. पाया पडते, करत राहा.' तिनं वाचलं आणि मोबाईल पिशवीत टाकला. मुलीनं तिचा पदर ओढला, तर ती वाकून तोंड मोठं करून सावकाश काहीतरी बोलली. मुलगी तिच्या तोंडाकडं बघत उभी राहिली. मला बघवलं नाही. मी पुढं चालू लागले.

हा कागद कुठं पाठवणार? पाठवायचाही नाही. पण एक गोष्ट मी अण्णालाही सांगितलेली नाही. दवाखान्यात, शेवटच्या दिवशी, तो औषधं आणायला खाली गेला होता. तू सलाईन नसलेला हात उचललास. इतक्या वर्षांनी. दोन बोटं कपाळाला लावलीस, मग माझ्याकडं केलीस, परत कपाळाला लावलीस. ती आपलीच जुनी खूण होती, एवढं ओळखलं. तू माझ्या तोंडाकडं बघत थांबलीस. मी मान हलवली, कळलं म्हणून.

मला कळलं नव्हतं, आई.