चौथी पाळी

प्रिय ओडेसा,

सॅक्रॅमेंटोत आज नदीकडून गार वारा सुटलाय. व्हरांड्यात बसून तुला लिहितोय, पण अजून कालच्या संध्याकाळीच तरंगतोय. बास्केटबॉल संघांनी नवे खेळाडू निवडायचा सोहळा टीव्हीवर तू पाहिलाच असशील. थेरॉनचं नाव पुकारलं, तसा तो मला बिलगला आणि कानात म्हणाला, "बाबा, क्लीव्हलँड! मी आईकडे चाललोय!" पुढचं सगळं मला पाण्याखालून ऐकावं तसं ऐकू आलं.

हे जुळलं कसं, ठाऊक आहे? सात वर्षांपूर्वी क्लीव्हलँडच्या संघानं मला इथल्या संघाला देऊन एक खेळाडू घेतला, आणि वर एक हक्क मागून ठेवला. सात वर्षांनी नवी मुलं निवडायची वेळ येईल, तेव्हा दोन्ही संघांच्या पहिल्या पाळ्या बदलून घ्यायच्या. तेही क्लीव्हलँडला फायदा दिसला तरच. माझा एजंट तेव्हा खो खो हसला होता. "वर्नेल, तोवर तू गुडघ्याला तेल चोळत बसलेला असशील. कुणाला आठवणार आहे हे?"

यंदा इथला संघ हरतच राहिला. हरणाऱ्यांना आधी निवडायला मिळतं, म्हणून त्यांना चौथी पाळी मिळाली. जिंकत आलेल्या क्लीव्हलँडची होती सव्विसावी. त्यांनी हक्क बजावला, सव्विसावी इकडे सरकवली, चौथी घेतली आणि आपल्या पोराला उचललं. ज्या सौद्यानं मला तुझ्यापासून लांब नेलं, त्यातच त्याची परतीची वाट होती.

आपण कधी भांडलो नाही गं. तुझ्या आईचं आजारपण तिथे, माझा खेळ इथे. फोन आखूड होत गेले आणि एक दिवस घटस्फोटाच्या कागदांवर सह्या झाल्या. थेरॉन माझ्याकडे राहायला आला, पण तुला सोबत घेऊनच. मक्याचा पाव तुझ्यासारखा करायला जातो, करपवतो आणि म्हणतो, "आईला सांगू नकोस हं!" हसतो तेव्हा मान तुझ्यासारखी कलते. मी दुसरीकडे बघतो.

पुढच्या आठवड्यात आम्ही निघतोय. त्याचं घर लावून द्यायला मी सोबत येणार. तुझी आई गेल्यापासून तू एकटीच असतेस, असं तो सांगत होता. माझं परतीचं तिकीट अजून काढलेलं नाही. फोनवर जीभ रेटेना, म्हणून हे पत्र. ओडेसा, काढू का?

तुझाच,
वर्नेल