टाकीतल्या वाफेची बेरीज

सौ. राजश्रीस,

मी बरा आहे. आईलाही तसंच सांग.

आमचं जहाज अजून बंदराबाहेर समुद्रात नांगरलेलंच आहे. मालकाने फोन उचलणं सोडलंय. तुझं कुळथाचं पीठ कालपर्यंत पुरलं. पाण्याची बोट आलीय, तिच्याबरोबर हे पत्र देतोय.

पाइप गळून एका टाकीत दोन रसायनं मिसळलीत. दोन्ही पेट्रोलसारखी उडणारी, आणि वाफ सोडायची झडप गंजून बसलीय. कॅप्टन कागदावर मांडतात: ज्याचा जेवढा वाटा, तेवढा त्याच्या वाफेचा दाब, मग बेरीज. बेरीज म्हणते, टाकी टिकेल. पण ही दोन एकत्र नांदत नाहीत गो. एकमेकांना बाहेर ढकलतात, आणि खरा दाब बेरजेच्या वर जातो. दुपारी डेकवर समुद्राचं पाणी मारून टाकी थंड ठेवतो. आता पंपाचं डिझेल संपत आलंय.

तुझा गुडघा कसा आहे? विहिरीवर वाकू नकोस.

आपली मनस्वी विचारेल, कुठली रसायनं? तिला बारावीला हाच धडा आहे. मी नावं मुद्दामच लिहिली नाहीत. पोर हुशार आहे, नावं कळली तर टाकी टिकेल का, याचं तिचं उत्तर बरोबर येईल.

तुझाच,
हर्षद