थ्री-सीचा प्रॉक्सी मास्तर

८ सप्टेंबर, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. पुढेमागे माझं नाव झालं तर सुरुवात कुठून झाली ते निदान मला तरी आठवलं पाहिजे.

सुरुवात अशी. उन्हाळ्याच्या सुट्टीवर गेलेल्या चार टीचर परत आल्याच नाहीत. एकीला दुबईत बरा पगार मिळाला, बाकीच्यांचे फोन बंद. म्हणून परेश सरांनी मला लॅबमधून उचललं आणि सेव्हन-बीच्या वर्गावर प्रॉक्सीला, म्हणजे टीचरच्या जागी, बसवलं. परेश सर म्हणजे ॲडमिन मॅनेजर. शाळेत देव प्रिन्सिपल मॅडम, पण प्रसाद यांच्या हातात.

मी इथे अजमानच्या शाळेत लॅब असिस्टंट. बीएस्सी दुसऱ्या वर्षाला सोडली, प्रॅक्टिकलच्या सरांशी तत्त्वावरून वाजलं. कॉलेजचं नुकसान.

परेश सरांनी बजावलं की फक्त बसायचं, शिकवायचं नाही. शिकवायला लायसन्स लागतं. मी हो म्हटलं. पण काही माणसं नुसती बसली तरी समोरचा शिकतो.

११ सप्टेंबर, गुरुवार

जेनेल मिस. थ्री-सीची क्लास टीचर. वसईची, आमच्या पलीकडच्या गावची.

आज कॉफी मशीनपाशी तिने विचारलं, प्रॉक्सीचे वेगळे पैसे देतात का. मी म्हणालो, मी पैशांसाठी करत नाही. ती म्हणाली, मग तू वेडाच आहेस.

'आहेस'. परवापर्यंत 'आहात' होतं.

माझा पगार एकोणीसशे दिरहम. म्हणजे पंचेचाळीस हजार. वसईत आकडा सांगितला की लोक उठून खुर्ची देतात. अजमानच्या बेडस्पेसचं, म्हणजे एका बंकपुरत्या जागेचं, भाडं सांगितलं की परत घेतात.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज थ्री-सीवर प्रॉक्सी, जेनेल मिस मीटिंगला होती म्हणून. तिच्या खुर्चीवर बसलो. खुर्चीला तिची शाल होती. एसी फार होता, तरी शालीला हात लावला नाही. माणसाला मर्यादा हवी.

अंश नावाचा चष्मेवाला पोरगा आहे. त्याने इंग्लिशमधून विचारलं की मी खरा टीचर आहे का. मी मराठीत सांगितलं की गप्प बस. त्याने इंग्लिशमधून कळवलं की त्याला मराठी येत नाही. आई-बाप सोलापूरचे. मी चिडलो नाही. डस्टर आपटलं ते खडूची धूळ झटकायला. बोर्ड व्हाइटबोर्ड आहे हे नंतर लक्षात आलं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

महत्त्वाचा दिवस.

नोटीस बोर्डावर नव्या टीचरसाठी जाहिरात लागली. खाली जाड अक्षरांत लिहिलंय, हजबंड व्हिसावर असल्यास प्राधान्य. म्हणजे बाई नवऱ्याच्या व्हिसावर असली की शाळेचा व्हिसाचा खर्च वाचतो, आणि नवरा कमावतो म्हणून पगारही कमी दिला तरी चालतो. स्टाफरूममध्ये सगळ्या तापल्या. जेनेल मिस एकटी हसली. म्हणाली, मग आता नवराच आणायला हवा.

सुटल्यावर तिने मला गेटपाशी गाठलं. हळू आवाजात विचारलं की बायकोला आपल्या व्हिसावर घ्यायला माणसाचा पगार किती लागतो, कागद काय काय लागतात. तुझा तो मित्र टायपिंग सेंटरला आहे ना, त्याला विचारशील का. आणि प्लीज, कुणाला बोलू नकोस.

कुणाला बोलू नकोस!

आमच्याकडच्या मुली असंच विचारतात. सरळ कधीच नाही.

२७ सप्टेंबर, शनिवार

टायपिंग सेंटरला गेलो. गुणवंत तिथे दिवसभर लोकांचे व्हिसाचे अर्ज टाइप करतो, त्यामुळे त्याला वाटतं की व्हिसा तोच देतो. म्हणाला, पगार चार हजार पाहिजे, किंवा तीन हजार आणि कंपनीचं घर. मग माझ्याकडे बघून म्हणाला, हबीबी, तुझ्या पगारात बायको सोड, बायकोची बॅगसुद्धा यायची नाही.

मी त्याला कायमचा सोडून ताडताड बाहेर पडलो. फोन त्याच्या चार्जरला राहिला होता म्हणून परत जावं लागलं. चहा पिऊन आलो.

संकल्प: डिसेंबरपर्यंत चार हजार. शाळेला माणसं नाहीत, मी माणूस आहे. हिशोब सोपा आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार

परेश सरांना गाठलं. म्हणालो, चार टीचर गेल्या म्हणजे चार पगार वाचले, त्यातला अर्धा मला द्या. सरांनी पहिल्यांदाच हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाले, विन्स्टन, तू मॅनेजमेंटसारखा विचार करतोस.

मला नवी पोस्ट मिळाली. 'सब्स्टिट्यूशन इन-चार्ज'. गळ्यात घालायला बिल्ला मिळाला. पैशांचं बजेट आल्यावर बघू म्हणाले, इन्शाल्ला.

रूमवर हर्बर्ट अंकलना दाखवला. अंकल पप्पांचे मित्र, हमरिया फ्री झोनमध्ये स्टोअरकीपर, माझ्या वरच्या बंकवर झोपतात. बिल्ला उलटसुलट करून म्हणाले, आमच्याकडे बैलालापण मारतात, कानाला. तुझा गळ्यात आहे, तेवढं बरं.

जुन्या पिढीला पोस्ट कळत नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

जेनेलला कागदांची माहिती दिली. मॅरेज सर्टिफिकेट, त्याचं अटेस्टेशन, भाडेकरार, पगाराचा दाखला. सगळं फाइलमध्ये लावून, वर पारदर्शक कव्हर. ती म्हणाली, विन्स्टन, तू नसतास तर माझं काय झालं असतं.

दिवसभर काही जेवलो नाही. संध्याकाळी दोन शावर्मा खाल्ले.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

शिक्षण खात्याचं इन्स्पेक्शन. सकाळी परेश सरांनी लायसन्स नसलेल्या सगळ्यांना गोळा केलं आणि मागच्या पार्किंगमध्ये स्कूल बसमध्ये बसवलं. यल्ला यल्ला, डोकी खाली. मी, लायब्ररीतल्या सुमैय्या मॅडम आणि पीटीचा हेल्पर. ड्रायव्हरने एसी बंद ठेवला, डिझेल जळतं म्हणून. मी त्याला सुनावलं की मी इन-चार्ज आहे. तो म्हणाला, बसचा नाही.

सुमैय्या मॅडमनी पिशवीतून खजूर काढले. म्हणाल्या, हे तिसरं इन्स्पेक्शन मी याच सीटवरून बघते आहे.

चांगल्या टीममध्ये राखीव खेळाडू बाहेरच बसतात. थ्री-सीच्या खिडकीतून अंशने हात हलवला. मी डोकं खाली घेतलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

जेनेलला घ्यायला गाडी आली होती. पांढरी, धुतलेली. चालवणारा डीन नावाचा, दुबईत अल बर्शाला राहतो, हॉटेलच्या अकाउंट्समध्ये आहे. हा कोण म्हणून मी तिला विचारलं तर ती म्हणाली, डीन घरचाच आहे.

म्हणजे कझिन. वसईत कोणीही कोणाचातरी कझिन निघतो.

मला रूमपर्यंत सोडलं. माझी फाइल त्याच्या डॅशबोर्डवर होती. म्हणाला, ब्रदर, तुझ्यामुळे फार सोपं झालं. घरच्यांना मी आवडलो आहे. एवढं लवकर होईल असं वाटलं नव्हतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

चर्चला मिस्साला गेलो नाही. पगारवाढीचा अर्ज लिहीत होतो. देव समजून घेतो, परेश सर घेत नाहीत.

अंकल चर्चमधून आले आणि शूज न काढता माझ्या बंकवर बसले. म्हणाले, जेनेलचं तुला काही... मी मध्येच तोडलं. म्हणालो, तिचं नाव घेऊ नका, आधी मला बैल म्हणालात. आवाज चढला. शेजारच्या रूममधला माणूस बघून गेला. अंकल म्हणाले, बरं बाबा. पुढच्या रविवारी ये. शेवटच्या अनाउन्समेंटपर्यंत थांब.

अनाउन्समेंटमध्ये काय असतं? गाड्या नीट पार्क करा आणि क्वायरला आवाज हवेत.

२३ नोव्हेंबर, रविवार

झोपलो. शनिवारी परेश सरांनी ॲन्युअल डेच्या खुर्च्या लावायला बोलावलं होतं. इन-चार्जशिवाय कोण लावणार.

दुपारी अंकलनी सुरमई केली. मधला तुकडा माझ्या ताटात घातला. मधला तुकडा ते कुणालाच देत नाहीत. माफी मागायची ही त्यांची पद्धत असावी. मी माफ केलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

अर्जाचं उत्तर आलं. बजेट खलास.

हरकत नाही. पगार हा आकडा आहे. रविवारी मिस्साला जायचं, जेनेल तिथे असणारच. तिला सरळ सांगायचं की चार हजार मार्चपर्यंत होतील, तोवर थांब. निळा शर्ट इस्त्रीला दिला.

३० नोव्हेंबर, रविवार

गेलो. जेनेल पुढच्या बाकावर होती. शेजारी डीन.

मिस्सा संपताना फादरनी गाड्या नीट पार्क करायला सांगितल्या. क्वायरला आवाज हवे आहेत. मग लग्नाच्या घोषणा वाचल्या, तीन रविवार वाचतात त्या. डीन, राहणार अल बर्शा, आणि जेनेल, राहणार अजमान. तिसरी आणि शेवटची वेळ. कुणाला अडथळा माहीत असल्यास कळवावे.

मी उभा राहिलो.

अंकलनी माझ्या शर्टाचं टोक धरलं आणि हळूच विचारलं, बाथरूम का. आजूबाजूचे बघायला लागले. अडथळा म्हणून सांगण्यासारखं काय आहे ते आठवत होतो. काही आठवेना. मागे एक आजी उभ्या होत्या, त्यांना म्हटलं बसा. त्यांनी हातानेच नको म्हटलं.

मग शेवटच्या गायनाला सगळेच उभे राहिले. तोवर मी उभाच होतो. नंतर फरक दिसेना.

घरी येताना अंकलनी टॅक्सी केली. पैसेही त्यांनीच दिले.

१ डिसेंबर, सोमवार

गुणवंतचा मेसेज, ज्या पार्टीसाठी व्हिसाचे कागद विचारले होतेस, तिचं झालं का काम. हो म्हणून कळवलं. झालं.

४ डिसेंबर, गुरुवार

सुट्टीआधीचे शेवटचे दिवस. जेनेलने स्टाफरूममध्ये पेढे वाटले. मला पत्रिका वेगळी दिली, पाकिटावर नाव घालून. लग्न वसईला, नाताळनंतर. म्हणाली, डीन म्हणतो विन्स्टनला पहिल्या टेबलावर बसवायचं. मी म्हणालो, तिकिटं महाग आहेत. ती म्हणाली, हो ना, काय ते दर.

थोड्या वेळाने ती परेश सरांच्या केबिनमधून बाहेर आली ती लाल होऊन. लग्नानंतर ती डीनच्या व्हिसावर येणार, म्हणून सरांनी नव्या काँट्रॅक्टमध्ये पगार कापून सव्वीसशेवर आणला. जाहिरातीतच लिहिलं होतं म्हणाले. म्हणजे हातात येणार साठेक हजार. तिने सही केली. म्हणाली, दुसरीकडेही हेच, आणि इथे निदान पोरं ओळखीची आहेत.

कागद मीच गोळा केले होते. कव्हर घालून.

मला परेश सरांच्या केबिनमध्ये शिरून टेबल उलटं करायचं होतं. दारापर्यंत गेलो. आत ते फोनवर कोणालातरी फोर्थच्या मॅथ्ससाठी विनवत होते, मॅडम, प्लीज, निदान एक टर्म. टेबल फार मोठं आहे. परत आलो.

२८ डिसेंबर, रविवार

आज लग्न. अंकलनी गावच्या ग्रुपवर आलेले फोटो दाखवू का विचारलं. मी म्हणालो, नको. मग म्हणालो, दाखवा. आधी पांढरा गाऊन, साडी नंतर नेसली होती. डीन बरा दिसत होता. धुतलेला.

५ जानेवारी, सोमवार

संकल्प: नोकरी सोडायची. राजीनामा रात्रीच लिहून ठेवला होता, तीन ओळींचा, कडक. शेवटची ओळ 'बिल्ला सोबत जोडला आहे'.

सकाळी परेश सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला. म्हणाले, राजीनामा एचआरकडे द्यायचा असतो. मी म्हणालो, देतो. ते म्हणाले, एचआरच्या जैनब मॅडम सुट्टीत सोडून गेल्या, जागा रिकामी आहे. कुणी आलं की घेतील. तोवर त्या ट्रेमध्ये ठेव. ट्रेमध्ये आधीचे राजीनामे होते, माझा त्यांवर ठेवला. मग सरांनी बिल्ला सोडवून माझ्या गळ्यात घातला आणि सांगितलं की जेनेल मिस महिनाअखेरपर्यंत लीव्हवर आहे, बेल झाली, थ्री-सीवर जा.

गेलो. खुर्चीला शाल तशीच होती.

पोरं मिससाठी कार्ड करत होती. मोठं, हार्ट काढलेलं, चमकी लावलेली. मी म्हणालो, करा. चमकी सगळीकडे उडत होती. रागवावंसं वाटलं नाही. काहीच वाटलं नाही.

अंशने कार्ड माझ्यापुढे आणलं. खाली सगळ्यांची नावं होती आणि शेवटी त्याने इंग्लिशमध्ये लिहिलं होतं, 'आणि ते सर, जे बसतात'. मला म्हणाला, इथे साइन करा.

केली.

बसलो.