समाप्तनंतरचं रीळ

१२ जाने., सोम.
सकाळी ताईच्या डोळ्यात थेंब. ती डोळा मिटते, मी ओरडते, ती आणखी घट्ट मिटते. सत्तरीची बाई, थेंबापुढे बालवाडी. डॉ. म्हणाले, मोतीबिंदू छान निघाला, आता कुठेही जायला मोकळ्या. हे तिच्यासमोर म्हणायची काही गरज होती का?
दुपारी देवळ्याहून तिच्या नितीनचा फोन. "मावशी, आईला न्यायला कधी येऊ?" पोरगा गुणाचा, सूनही तशीच. पण कांद्याचे दिवस, दोघं सकाळी बाहेर पडले की दिवेलागणीला घरी. भाऊजी गेल्यापासून ताई तिथे दिवसभर एकटी. इथे निदान माझ्याशी भांडते तरी.
म्हटलं, बघू, डॉक्टर काय म्हणतात. खोटं बोलले. तिळमात्र वाईट वाटलं नाही.
मला ती इथे हवी आहे, कायमची. तोंड उघडून म्हणायचं धाडस नाही. नाही म्हणाली तर?

१४ जाने., संक्रांत
नको नको म्हणताना ताईने गुळाच्या पोळ्या केल्या. तिच्या फुगल्या, माझ्या फुटल्या. ह्यांनी फुटक्या निमूट खाल्ल्या. चाळीस वर्षांच्या संसारात माणूस एवढं शिकतोच.
पोळ्या लाटता लाटता सहज विचारलं, "झोपाळ्याचा पिक्चर आठवतो?"
"भिंतीतल्या झोपाळ्याचा?" आणि हसली. तोंडाला पदर लावून, पूर्वीसारखी. भाऊजी गेल्यापासून दीड वर्षात पहिल्यांदा.
चांदवडला जत्रेत तंबू लागायचा. मी नऊ वर्षांची, ताईचं लग्न ठरलेलं. पोतं अंथरून बसलो होतो. दोन भाऊ भांडतात, घराच्या मधोमध भिंत घालतात. आई झोपाळ्यावरून उठायलाच तयार नाही, म्हणून भिंतीला भगदाड ठेवतात. म्हातारी झोका घेत इकडे आली की थोरली सून चहा देते, तिकडे गेली की धाकटी. कप हातात, चहा अंगावर. ताई हसून हसून पोत्यावरून मागे कलंडली, मागच्या काकूंच्या भेळेत.
शेवटी भिंत पडते, सगळे एका पंगतीला बसतात, समाप्त. लोक पोती झटकायला लागले. आणि पिक्चर परत सुरू! म्हातारी ट्रंक घेऊन बहिणीकडे जाते. दोघी पत्ते काय खेळतात, रात्री चोरून भजी काय तळतात, बहिणीच्या नवऱ्याची रवानगी गॅलरीत. अख्खा तंबू खूश. समाप्त झाल्यावरही एवढी मजा!
पुढच्याच महिन्यात ताईचं लग्न. पाठवणीला मी हंबरडा फोडला तेव्हा कानात म्हणाली, "रडू नको सुमे. समाप्त झालं की येते तुझ्याकडंच." पुढे पत्रांत शेवटी नुसतं स. नं. लिहायची. समाप्तनंतर. बाकी कुणाला कधी कळलं नाही.
आज वाटलं, तो पिक्चरच दाखवावा. मला जे बोलता येत नाही ते म्हातारी बोलेल.

१६ जाने., शुक्र.
ह्यांना मोबाइलवर पिक्चर सापडला. उद्या टीव्हीला जोडणार. माझा बेत ह्यांना सांगितला. म्हणाले, "म्हणजे मी गॅलरीत?" म्हटलं, बघू.

१७ जाने., शनि.
पोपट झाला.
दुपारी चिवडा, चहा, तिघं सोफ्यावर. प्रिंट पिवळट, मधेच कुकरची जाहिरात. पण झोपाळा आला आणि ताई तशीच कलंडली, ह्यांच्या खांद्यावर. डोळ्याला जप म्हणून मी ओरडतेय आणि मीच हसून मेलेय.
अर्धा झाला न झाला, तोच म्हातारी ट्रंक घेऊन निघाली. बहिणीकडे! मी म्हटलं, अहो, चुकून पुढे ढकलला का? नाही म्हणाले. पत्ते झाले, भजी झाली, नवरा गॅलरीत गेला. (हे हळूच म्हणाले, "बिचारा." तंबूत कुणाला त्याची दया आली नव्हती.) मग एक दिवस नातू येतो, "आजी, घरी चल." म्हातारी ट्रंक उचलते आणि परत. भिंत पडते, पंगत, समाप्त.
मी पुढचं सुरू व्हायची वाट बघत बसले. काही नाही.
ह्यांनीच उलगडा केला. तंबूवाला मधलं रीळ लावायला विसरला असणार, मग शेवटी डबा रिकामा करायचा म्हणून लावून टाकलं. आणि आम्ही दोघी बावन्न वर्षं त्या माणसाच्या वेंधळेपणाला वचन समजून बसलो.
ताई चिवड्यातले दाणे वेचून खात राहिली. मी दाखवला कशाला? स्वतःच्या पायावर धोंडा.

१८ जाने., रवि.
सकाळी ताई लुगड्यांच्या घड्या घालत बसलेली. "नितीनला बोलावते मंगळवारी."
मला राहवलं नाही. "त्या पिक्चरमुळे का?"
"येडी हाये का तू? पिक्चर बघून कोन घरी जातं?" मग घडी मांडीवरच ठेवून म्हणाली, "तिथं यांचा फोटो हाये सुमे. दिवा कोन लावील?"
मी रडले. सरळ सांगितलं, मला तू इथे हवी आहेस, फार हवी आहेस. एवढं म्हणायला मला साठी ओलांडावी लागली.
तिने माझेच डोळे पुसले. स्वतःचा डोळा ओला करायचा नाही म्हणून दुसरीकडे बघत होती. म्हणाली, "तंबूवाल्यानं बरोबर लावला व्हता. भिंत पाडली, पोरं जेवाया बसवली, मग म्हातारी जिवाची चैन कराया गेली. हेच खरं. हे टीव्हीवाले काय बी दाखवत्यात."
"मग राहा ना."
"बघू," म्हणाली. माझंच बघू मला परत.

२० जाने., मंगळ.
नितीन आला, जेवला, घेऊन गेला. सोबत द्राक्षं दिली. घर गप्प. हल्ली ह्यांनाही फुटक्या पोळ्या आवडेनाशा झाल्यात म्हणे. कळतंय, मला बोलतं करायला चाललंय.

२२ जाने., गुरु.
न्हाणीघरात, आरशाखालच्या फळीवर ताईची मिश्रीची डबी. जीव गेला तरी कमरेची डबी सोडणार नाही अशी बाई! घाईघाईने फोन.
"ताई, डबी राहिली गं तुझी."
"ऱ्हाऊ दे."
"अगं, सकाळी काय करतेस मग?"
"इथं दुसरी घेतली. ती तिथली हाये." मागे कुणीतरी हाक मारली, तिने फोन ठेवून दिला.
परत विचारायला मी फोन केला नाही. ती म्हणाली ते मला पुरेसं आहे.
डबी होती तिथेच ठेवली. संध्याकाळी बघते तर ह्यांनी आपलं दाढीचं सामान फळीच्या कडेला सरकवलेलं, डबीभोवती ऐसपैस जागा. वर विचारतात, "गॅलरीत डास फार असतात का गं?"