शांताबाईंच्या वहीतला रविवार

४ मार्च
कुलूप तुटलेलं नाही. तीन दिवस डोक्यात हेच. रविवारी हे गेल्यानंतरच्या जलदान विधीला आम्ही सगळे गावी, शिरड शहापूरला. इकडे हिंगोलीच्या घरातून यांची अंगठी आणि माझी पोत गेली. कपाट उघडं, दार जसंच्या तसं. किल्ल्या दोनच. एक माझ्या पर्समध्ये, दुसरी शेजारी राठोडांकडे. घर बंद ठेवताना किल्ली शेजारी द्या, हे पोलीस ठाण्याच्या जमादारांनीच सांगितलेलं.

५ मार्च
शांताबाई राठोड डबा घेऊन आल्या. हे गेल्यापासून रोज आणतात. समोर बसून राहिल्या. "काहून जेवत न्हाई, ताई?" भूक नाही म्हणाले. त्या गेल्यावर कपाटाला नवं कुलूप लावलं. हळूच, भिंतीपलीकडे आवाज जाऊ नये म्हणून.

६ मार्च
कॉलनीची बैठक. कोण आलं, किती वाजता, गाडीचा नंबर, हे लिहायची वही जमादारांनी प्रत्येक घरात दिलेली, जानेवारीपासून. यांच्या आजारपणात माझी कोरीच राहिली. जमादार म्हणाले, कॅमेरा बंद पडतो, शेजारीण बंद पडत न्हाई. सगळे हसले. मागून कोणीतरी बोललं, शेवटी तांड्यावरचेच लोक. राठोड भाऊ तिथेच होते. मी ऐकलं, आणि कोरी वही चाळत राहिले.
निघताना जमादार बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, नुसतं नाव द्या. बाकी आमी बघतो."

७ मार्च
मुलाचा, सुमेधचा, नांदेडहून फोन. राठोडांचं नाव देऊन टाक म्हणतो. आठवड्यात तिसऱ्यांदा. जेवलीस का, एकदाही नाही.

९ मार्च
डबा आला नाही. बरं वाटलं. मग संध्याकाळपर्यंत कसंतरीच. अर्ज लिहिला. संशयित: राठोड पती-पत्नी. शाळेत इतकी वर्षं लिपिक होते, पण हा अर्ज तीनदा लिहावा लागला.

१० मार्च
अर्ज घेऊन निघाले तर फाटकात शांताबाई. हातात वही. रविवारचं पान काढून पुढे धरलं. 'दुपारी १.१०. ताईचा सुमेध. पांढरी गाडी. एकटा. २० मिनिटं.' खाली गाडीचा नंबर, बरोबर.
त्या वेळी सुमेध पाण्याचे जार आणायला वसमतला गेला होता. म्हणजे तसं सांगून गेला होता. माझी पर्स गाडीतच होती.
"जमादारानं वही मागितली व्हती. मी म्हणलं, भिजली. तुमचं दुःखाचं घर. पण ताई, आमचं नाव नका देऊ."
त्या बोलत होत्या आणि मी शाई बघत होते. नंतर तर लिहिलं नसेल? वरच्या-खालच्या ओळींची शाई एकच. तरी दोनदा बघितलं.
ठाण्यात गेले नाही.

११ मार्च
सुमेधला फोन केला. त्या दिवशी जार किती आणलेस, एवढंच विचारलं. तो म्हणाला, "असं काहून विचारून राहिलीस?" आणि नंतर करतो म्हणून ठेवला. केला नाही.

१२ मार्च
जमादार उद्या दहाला अर्ज न्यायला येणार. जुना फाडला, नवा लिहिला. वस्तू, तारीख, वेळ, सगळं भरलं. संशयित याच्यापुढे अजून काही नाही.
दुपारी सुमेधचा मेसेज. सकाळी नऊपर्यंत पोचतो, तोवर कोणाशी बोलू नकोस.
राठोडांकडे जाऊन आले. उद्या साडेआठला वही घेऊन माझ्याकडे येऊन बसा म्हटलं. शांताबाईंनी बसायला पाट दिला, चहा दिला. येते म्हणाल्या नाहीत.